‘करून टाका, बघू नंतर’

हायब्रिड अ‍ॅन्युइटीच्या रस्त्यावर काँट्रॅक्ट्स विभागात नवीन लागला असाल, तर शेड्यूल बी (करारात ठरलेल्या कामाची यादी), आयई (इंडिपेंडंट इंजिनिअर, काम तपासणारा त्रयस्थ), पीडी (महामार्ग प्राधिकरणाचा प्रोजेक्ट डायरेक्टर) एवढंच सांगून पुढे जातो. सरकारकडून 40 टक्के पैसे बांधकाम चालू असताना, उरलेले 60 टक्के 15 वर्षांच्या सहामाही हप्त्यांनी, हे तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. चेंज ऑफ स्कोपचं, म्हणजे ठरलेल्या कामातल्या बदलाचं, सोळावं कलमही पाठ होतं. तरी फसलो.

उसाचा पट्टा. शेड्यूल बीमध्ये एका गावाला चार मीटर उंचीचा अंडरपास होता. पायाची खोदाई सुरू झाली आणि गावाने ट्रॅक्टर आडवे लावले. भरलेला उसाचा ट्रक चार मीटरखालून जाणार कसा? साडेपाच मीटर द्या. (गावाचं बरोबर होतं, हे आधीच सांगतो. डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, करणारा हंगामात तिकडे फिरकलाच नसावा.) तहसील कचेरीत बैठक झाली. पीडीसाहेब, आयईचे टीम लीडर, सरपंच, आणि कोपऱ्यात वही घेऊन मी. चहा आला, आवाज चढले, शेवटी पीडीसाहेब आमच्याकडे वळून म्हणाले, “करून टाका, बघू नंतर.” आठवड्याने बैठकीची मिनिट्स (इतिवृत्त) आली: ‘कन्सेशनेअरने साडेपाच मीटरचा अंडरपास करावा.’ कन्सेशनेअर म्हणजे आम्ही, रस्ता बांधणारी कंपनी. खाली सगळ्यांच्या सह्या. मी ती फाइलला लावली आणि साइटला मेल टाकला, ऑर्डर आली, सुरू करा.

ऑर्डर आली नव्हती. मिनिट्स म्हणजे ऑर्डर नव्हे. हे वाक्य तुम्हाला बाळबोध वाटेल, मलाही वाटलं असतं, म्हणून जरा लांबण लावतो. कराराचा क्रम असा: प्राधिकरणाची चेंज ऑफ स्कोप नोटीस, त्यावर आपण खर्च आणि वेळापत्रकावरचा परिणाम कळवायचा, मग त्यांची ऑर्डर, मग काम. बदल आपल्याला सुचला तर आपण लेखी प्रस्ताव द्यायचा, पण ऑर्डर त्यांचीच. बैठकीतली सही म्हणजे ‘मी हजर होतो’. आयई शिफारस करतो, ऑर्डर काढत नाही. त्याने आमचं सुधारित ड्रॉइंग तपासून परत दिलं तेव्हा मला वाटलं, आता दुहेरी पुरावा झाला. ड्रॉइंगचा शेरा डिझाइन मानकात बसतं एवढंच सांगतो, पैसे कोण देणार हे नाही. आणि दर ठरत नाही म्हणून ऑर्डर अडलीय, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दरावर एकमत नसतानाही ऑर्डर काढून काम सुरू करायला सांगायची सोय नमुना करारात आहे, वाद मागाहून मिटवता येतो. तेव्हा दरासाठी भांडण्याआधी ऑर्डर मागा.

दुसरी चूक पहिलीच्या पोटातली. दावा केला तो फक्त अंडरपासच्या वाढलेल्या बॉक्सच्या (काँक्रीटच्या चौकटीच्या) काँक्रीट-सळईचा. पण अंडरपास दीड मीटरने उंच झाला की वरचा रस्ताही उचलावा लागतो. अडीच टक्के चढ धरला तर दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटर अ‍ॅप्रोच वाढतो. त्याबरोबर माती, आरई वॉल (भराव धरून ठेवणारी भिंत), सर्व्हिस रोडचं गटार. मुरमाच्या खाणीची परवानगी पावसाळ्यात अडकली, माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, सरकला, बँकेचा इंजिनिअर विचारायला लागला. मुदतवाढ मी मागितलेलीच नव्हती.

आठ महिन्यांनी दाव्यावर प्राधिकरणाचं उत्तर आलं: सोळाव्या कलमाखाली कोणतीही ऑर्डर दिलेली नाही, काम आपल्या जबाबदारीवर केलेले दिसते. उपकंत्राटदाराला मात्र वाढीव कामाचे पैसे आम्हाला द्यावेच लागले. त्याचा कागद पक्का होता, कारण तो मीच पाठवला होता.

नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही. मुंबईची पहिली मेट्रो आठवा. करार 2007 चा, खर्च 2,356 कोटी धरलेला. गाडी जून 2014 मध्ये धावली, तोवर कंपनी 4,321 कोटी सांगत होती आणि तिथल्या प्राधिकरणाला, एमएमआरडीएला, ते मान्य नव्हतं. लोक रोज प्रवास करत होते आणि भांडण चालूच होतं. मोठमोठ्यांची ही गत, तर आपण एका अंडरपाससाठी किती रात्री जागायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे क्लेमचे तयार नमुने वापरू नका. एका नमुन्यात दुसऱ्याच महामार्गाचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलंय, सहीसकट. ‘संबंध सांभाळ, पत्रं काय, होतच राहतात’ म्हणणाऱ्या सीनियरपासूनही चार हात लांब राहा. त्यांची बदली होते, फाइल तुमच्या नावावर राहते. आणि कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 70 ने (करार नसतानाही केलेल्या कामाचा मोबदला) पैसे मिळतात असं कोणी सांगितलं, तर त्याला किती वर्षांत, ते विचारा.

मला खरं शिकवलं ते आमच्या डॉक्युमेंट कंट्रोलर अण्णांनी. दहावी पास, पण पोचेवर आवक शिक्का आणि तारीख दिसल्याशिवाय पत्र ‘गेलं’ असं लिहू देत नाहीत. जुलै 2022 मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. तो स्कोपचा बदल नाही, कायद्यातला बदल, वेगळं कलम, वेगळी नोटीस. मी दोन्ही एकाच पत्रात घालायला निघालो होतो, तर पत्र टाइप करता करता अण्णाच म्हणाले, “विषय दोन, जावक नंबर दोन.”

गेल्या महिन्यात पीडी कार्यालयातून फोन आला, एक बस-बे (बस थांबायची जागा) हलवा म्हणून. त्याच संध्याकाळी पत्र दिलं: ‘आजच्या दूरध्वनीनुसार, सोळाव्या कलमाखालील नोटीस अपेक्षित आहे, तोपर्यंत काम मूळ ड्रॉइंगप्रमाणे चालू राहील.’ साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या क्लार्कचा फोन आला, एस्टिमेट कधी देताय?