कॉम्प्युटर जोडताय? स्टॅटिकच्या बाबतीत या चुका टाळा

जानेवारीत भाच्याचा फोन आला. कोपरीतल्या जुन्या इमारतीतल्या घरी त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला होता. "मामा, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अनवाणी असलो की जास्तच. स्टॅटिक असेल का? आणि मधूनच निळा स्क्रीन येऊन बंद पण पडतोय." मी त्याला आधी प्लग काढायला सांगितलं आणि ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडली.

झिणझिण्या स्टॅटिकच्या, म्हणजे घासण्यानं वस्तूंवर आणि अंगावर साचणाऱ्या विजेच्या भाराच्या, नव्हत्या. निळ्या स्क्रीनचं कारण मात्र स्टॅटिक असण्याची शक्यता होती, आणि ते होताना त्याला काहीच जाणवलं नव्हतं. घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्या कितीतरी जणांचा घोटाळा नेमका इथे होतो. जे जाणवतं त्याला ते स्टॅटिक म्हणतात, आणि जे जाणवत नाही ते नाहीच असं धरून चालतात.

चूक पहिली : "आपल्याकडे हवा दमट, इथे कसलं स्टॅटिक?"

यात तथ्य आहे, पण अर्धंच. दमट हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरून साचलेला भार निसटून जातो. नेहमी दिले जाणारे आकडे बघा. कार्पेटवरून चालताना आर्द्रता १० ते २० टक्के असेल तर अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत भार साचू शकतो. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर तोच १,५०० व्होल्टपर्यंत उतरतो. उतरतो, शून्य होत नाही. आणि साधारण ३,००० व्होल्टच्या आतली ठिणगी बोटाला कळतच नाही. काही नाजूक चिप बिघडायला तर १०० व्होल्टसुद्धा पुरतात. म्हणजे ऐन जुलैत, घामेजलेल्या हातानं काम करतानाही चिपला पुरेल एवढा भार आपल्या अंगावर असू शकतो.

त्यात आपली हवा बाराही महिने दमट नसते. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी जमिनीवरचे कोरडे वारे सुटतात, ओठ फुटतात, अंधारात ब्लँकेट झटकलं की ठिणग्या दिसतात. घोडबंदर रोडवरच्या बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये एसी तासन् तास चालू असतो, आणि एसी हवेतलं पाणीच काढून घेतो. भाच्यानं नेमकं हेच केलं होतं. जानेवारीची दुपार, अंगात नायलॉनचं जॅकेट, पलंगावर पॉलिस्टरची चादर आणि त्या चादरीवर उघडा मदरबोर्ड. पलंग ही कॉम्प्युटर जोडायची जागा नव्हेच. लाकडी टेबल किंवा उघडी फरशी बरी. सुती कपडे घाला आणि काम संपेपर्यंत एसी बंद ठेवा.

पावसाळ्यातली एक वेगळी काळजीही इथेच सांगतो. थंडगार एसीच्या खोलीतून पार्ट बाहेरच्या दमट हवेत आणला की त्यावर दव धरतं. असा पार्ट अर्धा-पाऊण तास पिशवीतच राहू द्या, मग उघडा.

चूक दुसरी : झिणझिण्यांना स्टॅटिक समजणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण यात पार्टच्याच नाही, माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो आणि संपतो. हात ठेवलेला असेपर्यंत सतत झिणझिण्या येत असतील तर ते स्टॅटिक नव्हे, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही याची ती खूण असू शकते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून येणारा किंचित करंट अर्थच्या वायरनं जमिनीत जाणं अपेक्षित असतं. अर्थच नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहतं. करंट थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आतल्या एखाद्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर हेच कॅबिनेट जीव घेऊ शकतं.

जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. कोपरीत तेच निघालं. भिंतीवर तीन भोकं, आत दोनच वायरी. वायरमनला बोलवा आणि मीटरनं मोजायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. स्वतः सॉकेट उघडू नका. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घालणारा अडॅप्टर कॉम्प्युटरसाठी कधीही वापरू नका. प्लगची अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती मुद्दाम, ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

चूक तिसरी : पट्टा बांधला, पण कशाला?

मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा चांगलाच. पण तो शर्टाच्या बाहीवर बांधला, किंवा त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंगावर लावली, तर तो नसल्यातच जमा. रंग वीज वाहू देत नाही. क्लिप उघड्या धातूवर हवी, एसएमपीएसच्या स्क्रूजवळ किंवा आतल्या बिनरंगाच्या कडेवर. वायर नसलेले पट्टे मिळतात, त्यांचा काही उपयोग नाही. भार जायला वाटच नसेल तर तो जाणार कुठे?

पट्ट्याच्या वायरमध्ये १० लाख ओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टशी गाठ पडली तर अंगातून पाव मिलिअँपियरच्या आतच करंट जावा, हे त्याचं काम. मीटर असेल तर पट्टा आणल्याबरोबर मोजून घ्या. आकडा शून्याजवळ आला तर तो पट्टा मनगटाला बांधू नका.

खिडकीच्या ग्रिलला क्लिप लावणारेही मी पाहिलेत. ग्रिल भिंतीत बसवलेली असते, तिला अर्थिंग असेलच असं नाही. "नळाला हात लावून घे" हा जुना सल्लाही लोखंडी पाइपांच्या काळातला. आताच्या इमारतींत पाइप प्लास्टिकचे असतात.

पट्टा नसेल तरी काम अडत नाही. तुम्ही, कॅबिनेट आणि पार्ट एकाच पातळीवर असणं महत्त्वाचं, फरकच नसेल तर ठिणगी पडायला कारण नाही. अर्थिंग तपासलेल्या सॉकेटमध्ये प्लग घाला, बटण बंदच ठेवा, एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग प्लग काढून कामाला लागा. भिंतीवरचं बटण नुसतं बंद करण्यापेक्षा मी प्लग काढायलाच सांगतो, कारण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेली घरंही असतात. त्यानंतर एक हात किंवा कोपर कॅबिनेटच्या उघड्या धातूला टेकलेला असू द्या. जागेवरून उठून फिरून आलात तर पुन्हा आधी कॅबिनेटला हात, मग पार्टला.

चूक चौथी : पिशवीचा गैरसमज

गुलाबी पिशवी स्वतः भार तयार करत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही. चंदेरी पिशवी अडवते, पण तोंड बंद असेल तरच. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटी रॅम घेतलीत तर ती चंदेरी पिशवीतच मागा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलमध्ये खोचून लोकलनं आणू नका. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, त्यामुळे मदरबोर्ड तिच्यावर ठेवून चालू करणं धोक्याचं. त्यासाठी मदरबोर्डचा पुठ्ठ्याचा खोका उत्तम.

पार्ट कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. शेवटच्या क्षणी बाहेर काढा आणि लगेच बसवा.

साफसफाईचंही तेच. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या घरांत धूळ भरपूर, म्हणून लोक घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट मदरबोर्डवर फिरवतात. त्याच्या प्लास्टिकच्या नळीत धूळ घासत जाते आणि भार साचतो. ब्लोअर वापरा, थोड्या अंतरावरून, आणि आतले पंखे बोटानं धरून ठेवा.

कॉम्प्युटर चालूच झाला नाही, तर?

लगेच स्टॅटिकला दोष देऊ नका. बऱ्याच वेळा प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल विसरलेली असते, रॅम खटका वाजेपर्यंत दाबलेली नसते, किंवा मदरबोर्डखाली एक स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा धातूचा छोटा खुंट) चुकीच्या जागी राहून शॉर्ट होत असतो. मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर चालू करून बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड लावावं लागेल. मग एकेक पार्ट वाढवत जा.

स्टॅटिकचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पार्ट कधी जागीच जातो, कधी नुसता अशक्त होतो आणि काही आठवड्यांनी त्रास द्यायला लागतो. भाच्याच्या रॅमच्या दोन पट्ट्या मी एकेक करून मेमटेस्टवर, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर लावल्या. एक रात्रभर स्वच्छ चालली, दुसरीनं दहा मिनिटांत चुका दाखवल्या. ती स्टॅटिकनंच गेली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, ती कारखान्यातूनही सदोष आलेली असू शकते. पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. नवी पट्टी मात्र त्याला वायरमन येऊन अर्थची वायर ओढून जाईपर्यंत मी उघडू दिली नाही. त्या रविवारी टेबलावर, सुती शर्टात, कोपर कॅबिनेटला टेकवून त्यानं ती स्वतः बसवली. झिणझिण्याही थांबल्या होत्या.