चातुर्मासात उभा राहिलेला घोडा एकदम डांबरावर काढू नका

तुळशीचं लग्न लागलं की नाशकात वरातींची गडबड सुरू होते. पंचवटीपासून सिडकोपर्यंत घोड्यांना दम नसतो. पण चार महिने तबेल्यात उभ्या घोड्याची हाडं कमजोर झालेली असतात. अंगावरची चकाकी बघून हे कळत नाही, तिथेच फसगत होते.

हाड जिवंत असतं. भार पडला तर भरतं, नाही तर झिजतं. त्यातही पुन्हा काम सुरू झालं की शरीर जुनं हाड आधी पोखरतं आणि मग भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधला काळ सगळ्यात नाजूक.

म्हणून पहिले दोन आठवडे मळ्यातल्या कच्च्या वाटेवर नुसती चाल. मग दुडकी. ती जमली की आठवड्यातून दोनदा पन्नासेक पावलांची छोटी दौड. तासन्‌तास रपेट करून हाड वाढत नाही. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या हाडांच्या अभ्यासकांनी कोंबड्याच्या पंखाच्या हाडावर रोज फक्त ३६ वेळा भार दिला, तेवढ्यात हाड वाढलं. १,८०० वेळा देऊनही त्याहून जास्त फायदा झाला नाही. घोडा काही कोंबडा नाही, पण थोडा आणि जोरकस भार हे तत्त्व त्यालाही लागू आहे.

रोज सकाळी पुढच्या पायाच्या नळीवर (गुडघ्याखालच्या लांब हाडावर) समोरून अंगठा दाबत खाली या. गरम लागलं किंवा घोड्याने पाय झटकन ओढला, तर त्या दिवशीची सुपारी सोडा आणि पशुवैद्यांना बोलवा.