ऑस्टिन सेव्हन: ऑइल प्रेशर वाढलं तर खूश होऊ नका

१९२२ ते १९३९ या काळात बनलेल्या या छोट्या ब्रिटिश गाडीचं ७४७ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन समजून घेतलं नाही, तर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, तुटतो. गरम इंजिनात ऑइल प्रेशर दर चौरस इंचाला जेमतेम दोन-चार पौंड असतं, आणि ते ठीकच आहे. माझ्या गाडीत काटा अचानक वर सरकला आणि बिग-एंडची (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगची) हलकी टकटक सुरू झाली. म्हणजे जेट, ऑइलची धार सोडणारी बारीक भोकं, तुंबले.

इथे बिग-एंडला दाबाने ऑइल जात नाही. क्रँककेसमधल्या (क्रँकभोवतीच्या कवचातल्या) दोन जेटमधून उडालेली धार फिरत्या क्रँकच्या खाचांत पडते आणि तिथून पुढे जाते. वाट बंद झाली की दाब वाढतो, बेअरिंग मात्र कोरडं. टकटक ऐकू आली की इंजिन लगेच बंद करा.

क्रँककेसच्या बाजूचे दोन प्लग (स्पार्क प्लग नव्हे, भोकं बंद करणारे स्क्रू) काढून जेटमध्ये बारीक तार हलक्या हाताने फिरवली. भोक रुंदावता कामा नये. मग संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून गाळ खरवडला, जाळी रॉकेलने धुतली, नवं गॅस्केट लावलं. जुन्या, न उघडलेल्या इंजिनात एकदम डिटर्जंट ऑइल भरलं की वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि नेमका जेटमध्येच अडकतो. टकटक तरीही राहिली, तर क्रँक बाहेर काढून त्यातल्या ऑइलवाटा साफ करायला हव्यात.