ख्रिस्ताच्या मरणातली हिंसा अभ्यासायला घेताय? आधी ॲन्सेल्म मुळातून वाचा

'देवानेच पुत्राला शिक्षा दिली, म्हणजे ख्रिस्ती तारण (पापातून सुटका) हिंसेवर उभं आहे' अशा धर्तीचा विषय शोधनिबंधासाठी घेऊ का, असं नवीन मुलं विचारतात. घ्या, पण या वाक्यावर तोंडी परीक्षेत टिकाव लागणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा.

शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं तुम्ही वाचली आहेत, असं धरून चालते. अडचण पुढे येते. बहुतेक नोट्समध्ये लिहिलेलं असतं की आपल्या वाटची शिक्षा ख्रिस्ताने भोगली, हा सिद्धांत ॲन्सेल्मचा. माझं एक अख्खं प्रकरण या वाक्यावर उभं होतं आणि ते पाडावं लागलं. म्हणून हे जरा पाल्हाळ लावून सांगते.

कँटरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म याने 'कूर देऊस होमो' ('देव माणूस का झाला') हा ग्रंथ 1098 मध्ये पुरा केला. त्याचं म्हणणं असं: पाप म्हणजे देवाचा मान हिरावून घेणं. त्यावर दोनच वाटा. एक तर भरपाई, नाहीतर शिक्षा. यातल्या 'नाहीतर'खाली लाल रेघ मारा. ख्रिस्त निष्पाप, म्हणून मरण हे त्याच्यावरचं देणं नाही. तो ते आपखुशीने देतो, त्यातून भरपाई होते आणि शिक्षेची वेळच येत नाही. ती त्याच्याकडे वळवली जात नाही, टळते. पुन्हा वाचा, कारण परीक्षेत नेमकं हेच उलटं लिहिलं जातं.

ग्रंथ संवादरूपात आहे. बोसो नावाचा शिष्य पहिल्याच भागात विचारतो: अपराध्याला सोडवण्यासाठी निरपराध्याला मरणाच्या हवाली करायचं, हा कुठला न्याय? माणसाने असं केलं तर आपण त्यालाच दोषी धरू. ॲन्सेल्म उत्तर देतो की पित्याने मरण लादलं नाही. ख्रिस्त न्यायाला धरून राहिला आणि त्यापायी मारला गेला. मला हे उत्तर अर्धंच पटतं. पण हिंसेचा आक्षेप आधुनिक माणसाला सुचला, असं लिहिण्याआधी बोसोला विसरू नका. पुढे बाराव्या शतकात आबेलार हा फ्रेंच धर्मपंडितही पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रावर लिहिताना विचारतो की निरपराध्याचं रक्त किंमत म्हणून मागणं क्रूर नाही का.

शिक्षेचा मुद्दा ठसठशीत होतो तो सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्याकडे. हा गडी कायदा शिकलेला. त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स'च्या 1559 च्या आवृत्तीत, दुसऱ्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, तो म्हणतो की ख्रिस्ताला चोरांनी मारलं असतं किंवा तो दंगलीत गेला असता तर त्या मरणात भरपाई दिसली नसती. रोमी सुभेदार पिलात याच्यासमोर आरोपी म्हणून उभं राहून दोषी ठरणं गरजेचं होतं. म्हणजे नुसतं रक्त पुरत नाही, न्यायालयाचा निकालही हवा! ॲन्सेल्म आणि कॅल्विन यांच्यात साडेचारशे वर्षं आहेत आणि या दोघांना एका वाक्यात कोंबलं की तुमचा सगळा युक्तिवाद ढासळतो.

मग हे कोंबलं कुणी? 'तारणाचे तीन सिद्धांत' हा तक्ता तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याचं मूळ स्वीडिश लुथरन गुस्ताफ औलेनच्या ग्रंथात आहे. इंग्रजी भाषांतर 1931 चं. औलेन तटस्थ पंच नव्हे. ख्रिस्ताने मृत्यू आणि सैतान यांच्यावर विजय मिळवला, हा त्याचा पक्ष, आणि ॲन्सेल्मपासून प्रोटेस्टंट परंपरेपर्यंतची मंडळी तो एकाच 'लॅटिन' गटात टाकतो. तक्ता पाठ करायला लावणारे मार्गदर्शक मला आवडत नाहीत. एक परिच्छेद तासभर वाचून घेणारे मिळाले तर सोडू नका.

घाबरू मात्र नका. लॅटिन-ग्रीक येत नसेल तरी सुरुवात होते. सुरुवातीच्या शतकांत सगळ्या चर्चच्या बिशपांच्या ज्या सात सार्वत्रिक धर्मपरिषदा झाल्या, त्यांनी तारण नेमकं कसं घडतं याचा एकच सिद्धांत ठरवून दिलेला नाही, त्यामुळे वाद घालायला भरपूर जागा आहे. चौथ्या शतकातले दोन ग्रीक धर्मपंडितच बघा. निस्साचा ग्रेगरी सैतानाला गळाला लागलेला मासा करतो. नाझियान्झसचा ग्रेगरी सैतानाला खंडणी देण्याची कल्पनाच धुडकावतो. पूर्वेकडच्या पुनरुत्थानाच्या चित्रांत ख्रिस्त अधोलोकाची दारं पायाखाली तुडवून आदाम-हव्वेला मनगटाला धरून ओढून काढतो. तिथे मार मृत्यूला बसतो.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्यायही स्वतः उघडून बघा. बोकड दोन आहेत. एकाचा वध होतो. लोकांची पापं ज्याच्या डोक्यावर ठेवतात, तो दुसरा. त्याला जिवंत रानात सोडून देतात. 'बळी म्हणजे दुसऱ्याच्या वाटची शिक्षा' हे गृहीतक इथेच अडखळतं.

बळी आणि हिंसा यांवर लिहिणारा फ्रेंच विचारवंत रेने झिरार्ड सुरुवातीला वाचू नका. तो झकास लिहितो आणि मग जिकडेतिकडे बळीचा बकराच दिसू लागतो. आधी 1989 चा ब्राउन आणि पार्कर यांचा स्त्रीवादी निबंध घ्या. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'ख्रिस्तासारखं सोस' असं सांगितलं जातं, तेव्हा सिद्धांताचं काय होतं, हे त्या विचारतात. त्याच्या जोडीला कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मपंडित जेम्स कोनचं 2011 चं पुस्तक ठेवा. अमेरिकेत जमावाने झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांशेजारी तो वधस्तंभ ठेवतो, आणि तरीही वधस्तंभ टाकून देत नाही. हा निबंध आणि हे पुस्तक यांचं एकमेकांशी पटत नाही. निबंधाचा विषय बहुधा तिथेच सापडेल.