तांब्याच्या स्कार्नवर जाताय? बेसॉल्टवर तयार झालेली नजर पुण्यातच ठेवा : या चुका टाळा

पुण्यात भूशास्त्र शिकलेल्या मुलाचा पहिला दगड काळाच असतो, बेसॉल्टचा. वेताळ टेकडी, सिंहगड, कात्रजचा घाट, कुठेही जा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा एकावर एक थरांनी पडलाय. या डोंगरावरचा थर समोरच्या डोंगरावर साधारण त्याच उंचीला सापडतो. ही सवय अंगात मुरते आणि स्कार्नवर नेमकी तीच घात करते. तापलेला मॅग्मा चुनखडीत घुसला, त्यातून सुटलेल्या गरम द्रावांनी चुनखडी खाल्ली आणि तिच्या जागी गार्नेट-पायरॉक्सीन ही खनिजं बसवली की झाला स्कार्न. तो थर धरून चालत नाही. दोन खडकांची सीमा वळेल तसा वळतो, फुगतो, मधेच संपतो.

हिरवं दिसलं की तांबं

दरवर्षी कुणीतरी वाघोलीच्या खाणीतला निळा खडा घेऊन येतं. "सर, कॉपर ना?" नाही बाबा. तो कॅव्हन्साइट, त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा. बेसॉल्टच्या पोकळ्यांतला हिरवा लेप बहुतेकदा सेलाडोनाइट असतो, तो रंग लोखंडाचा. मॅलाकाइटवर, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजावर, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड फसफसतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खड्याला कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) चिकटलेलं असेल तर तेही फसफसतंच. म्हणून पुढची पायरी सोडू नका. त्याच थेंबात घासून लख्ख केलेला खिळा टेकवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांबूस पापुद्रा चढतो.

डाग खरा निघाला तरी जागा खरी असेलच असं नाही. धातुकाच्या ऑक्सिडेशनने आंबट झालेलं पाणी तांबं घेऊन उतरतं, चुनखडीला लागलं की त्यातला आम्लपणा मरतो आणि तांबं तिथेच मॅलाकाइट होऊन बसतं. मूळ धातुक वर किंवा बाजूला राहतं. आणि नमुना घेताना हिरवेच तुकडे पिशवीत भरू नका, आडवी चर मारून सलग घ्या. चाल्कोपायराइट या तांब्याच्या पिवळ्या, चमकदार खनिजात तांबं 34.6 टक्के. म्हणजे खडकात एक टक्का तांब्याला वजनाने जेमतेम तीन टक्के चाल्कोपायराइट पुरतं. चमक पाहून ग्रेड (तांब्याचं प्रमाण) सांगणाऱ्याची ॲसे रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेची तपासणी, आल्यावर हमखास फजिती होते.

होकायंत्रावर विश्वास

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर. एका प्रॉस्पेक्टवर, म्हणजे धातुक शोधायच्या जागेवर, दिवसभर संगमरवराचे स्ट्राइक (थरांची आडवी दिशा) घेतले. रात्री नकाशावर मांडले तर थर पाण्यातल्या भोवऱ्यासारखे फिरलेले. थरांची घडी सापडली म्हणून मी खूश! दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी काही न बोलता माझ्या हातातलं ब्रंटन (भूशास्त्रज्ञाचं होकायंत्र) घेतलं आणि एका काळ्या खडकाभोवती हळूहळू फिरवलं. काटाही फिरत गेला. खडकात मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं चुंबकीय खनिज, ठासून भरलेलं. माझी घडी तिथेच उलगडली.

उपाय सोपा आहे. समोरच्या खुणेचं बेअरिंग घ्या, तिथे जाऊन मागे वळून पुन्हा घ्या. दोन्हीत 180 अंशांचा फरक नसेल तर त्या भागात काट्याला रजा द्या आणि लांबच्या दोन जीपीएस बिंदूंवरून दिशा काढा. डिप (थराचा उतार) मात्र बिनधास्त घ्या, उतार मोजणाऱ्या क्लिनोमीटरला चुंबकाशी देणंघेणं नाही. बोअरहोलच्या सर्व्हेलाही हाच धोका आहे, तिथे चुंबकाशिवाय दिशा दाखवणारा जायरो लागतो.

मॅग्नेटिक सर्व्हेत जिथे शिखर तिथेच पहिलं बोअर, हीसुद्धा घाई. शिखर मॅग्नेटाइटचं असतं, तांबं शेजारच्या पट्ट्यात असू शकतं.

गार्नेट म्हणजे स्कार्न, स्कार्न म्हणजे तांबं

दोन्ही चूक. नागपूर-भंडाऱ्याकडे सौसर गटात संगमरवर आणि कॅल्क-सिलिकेट खडक आहेत. प्रादेशिक रूपांतरणानेही डायोप्साइड, गार्नेट तयार होतं, त्याला मॅग्मा शेजारी लागत नाही. थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचा पातळ काप, काढा. स्कार्नचं कॅल्शियमवालं गार्नेट क्रॉस्ड निकॉल्समध्ये (एकमेकांना आडव्या ध्रुवक भिंगांमधून) पुष्कळदा पट्टे दाखवत उजळतं. शिस्ट या रूपांतरित खडकातलं अल्मंडीन (लोखंडवालं गार्नेट) काळंच राहतं.

आणि नुसतं घट्ट, ताजं गार्नेट पाहून हुरळू नका. ते पहिल्या, तापलेल्या टप्प्यातलं. तांबं बरंचसं नंतर येतं, खडक निवताना, एपिडोट, ॲक्टिनोलाइट, क्लोराइट या हिरवट खनिजांच्या सोबतीने. गार्नेट जिथे भेगाळून हिरवट झालंय तिथे लेन्स लावून बसा. जवळचा अग्निज खडकही चाळा. इंडोनेशियात 1936 साली झां-जाक दोझी या डच भूशास्त्रज्ञाने एर्ट्सबर्गचा स्कार्न पाहिला. काही किलोमीटरवरचं, अग्निज खडकातलं, त्याहून कितीतरी मोठं ग्रासबर्ग हाती लागायला 1988 उजाडलं.

मीटर आणि टन

कोअरमध्ये (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यात) वीस मीटर धातुक लागलं म्हणजे जाडी वीस मीटर नव्हे. बोअर सीमेला तीस अंशांनी कापत असेल तर खरी जाडी दहाच.

घनता तर सवयीने 2.7 लिहिली जाते. गार्नेट-मॅग्नेटाइटचा खडक सहज 3.5 भरतो, म्हणजे टनेज जवळपास 23 टक्क्यांनी कमी धरलं. उलट मातकट, सच्छिद्र झालेला भाग हलका असतो. म्हणून कोअरशेडमध्ये वजनकाटा आणि पाण्याची बादली ठेवाच. तुकडा हवेत 700 ग्रॅम, पाण्यात टांगून 500, तर 700 भागिले 200. सच्छिद्र तुकड्याला आधी मेण लावा, आणि त्या मेणाचं वजन-आकारमान हिशोबातून वजा करा.