बीपी, शुगर, दमा: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

वडिलांच्या औषधांची पिशवी मी एकदा टेबलावर ओतली. बीपीच्या दोन स्ट्रिपा निघाल्या. कंपन्या वेगळ्या, गोळ्यांचे रंग वेगळे, पण नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं औषध एकच होतं: अॅम्लोडिपिन. एक गोळी जुन्या चिठ्ठीवरची, एक नव्या. ते दोन्ही घेत होते आणि संध्याकाळी घोटे सुजतात म्हणून हैराण झाले होते. अशी सूज हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि डोस वाढला की तीही वाढते. पिशवीच्या तळाशी गुडघेदुखीसाठी स्वतःच आणलेलं डायक्लोफेनॅक होतं. या गटातल्या वेदनाशामकांनी बीपी चढतं, किडनीवरही ताण येतो. आणि कोलेस्टेरॉलची स्ट्रिप अर्धी तशीच पडलेली. का, तर म्हणे, "रिपोर्ट नॉर्मल आला, मग थांबवली."

वडील निष्काळजी नाहीत, वेळेचे तर फार पक्के. तरी एका पिशवीत तीन चुका निघाल्या. म्हणून जिथे जिथे असं औषध चालू आहे तिथे मी सांगते: तीन महिन्यांतून एकदा घरातली सगळी औषधं बाहेर काढा, स्वतःच्या मनाने आणलेलीसुद्धा. कंपनीचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव कागदावर लिहा आणि पुढच्या खेपेला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

त्रास नाही म्हणून गोळी बंद करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ताप उतरला की औषध थांबवायची आपल्याला सवय असते. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल त्या हिशेबात बसत नाहीत. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं असलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना तो असल्याचंच माहीत नसतं. ज्यांना माहीत आहे त्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. याच संघटनेच्या 2003 च्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात.

रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळी चालू असते म्हणून. ती थांबवली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत आकडे पुन्हा पहिल्यासारखे चढतात, आणि कळतं ते पुढच्या तपासणीत. काही औषधं तर एकदम तोडणंच धोक्याचं असतं. बीटा ब्लॉकर गटातली (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी) गोळी अचानक बंद केली तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत कळ येऊ शकते, क्वचित झटकाही येतो. वजन उतरलं, चालणं वाढलं की डॉक्टर डोस कमी करतातही. तो त्यांना करू द्या.

बीपी मोजताना

घरी मशीन आहे, आकडाही रोज लिहिला जातो, पण तो आकडा खरा असतो का? बहुतेक घरांत माणूस जिना चढून येतो, खुर्चीत टेकतो, शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळतो आणि बटण दाबून बोलत राहतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, आणि दंड छातीच्या पातळीवर टेबलावर टेकलेला. हात खाली लोंबत राहिला तर दर 10 सेंटिमीटरमागे आकडा सात-आठ अंशांनी जास्त दिसतो. मशीन चालू असताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

पट्ट्याच्या मापाकडे तर कुणी बघतच नाही. ज्याच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्याला नेहमीचा लावला तर वरचा आकडा सुमारे 20 ने जास्त येऊ शकतो, हे 2023 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. म्हणजे नसलेल्या आजाराची गोळी सुरू व्हायची! दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा.

एका आकड्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही जी सीमा धरतात ती घरच्या मोजणीत 135/85 असते. मात्र आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलणं अडखळतंय किंवा अंगाची एक बाजू लुळी पडतेय असं दिसलं, तर सरासरी विसरा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

शुगरचे फसवे आकडे

फळ चिरून झाल्यावर हात न धुता बोटातून रक्त घेतलं तर बोटावरच्या रसाची साखर मशीन तुमच्या खात्यात धरतं. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडणारे पुष्कळ भेटतात. उपाशीपोटीची शुगर त्याने सुधारलेली दिसेलही, पण एचबीए1सी, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेची चाचणी, त्याने फसत नाही. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे या चाचणीत गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. अॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर मात्र हाही आकडा चुकू शकतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा.

शुगर वाढण्याची सगळ्यांना धास्ती असते, उतरण्याकडे दुर्लक्ष होतं. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि आकडा 70 च्या खाली असला, तर 15 ग्रॅम ग्लुकोज द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा.

दम्याबद्दल एवढंच: लगेच आराम देणारा पंप आणि श्वासनलिकांची सूज कमी ठेवणारा (बहुधा स्टेरॉइडचा) पंप यांत गल्लत करू नका. दुसऱ्याने तत्काळ काही जाणवत नाही, म्हणून तोच आधी सुटतो, आणि झटके त्यामुळेच वाढतात. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा.

सगळं एकदम बदलायचा हट्ट

साखर बंद, रोज तासभर पळणं, वर जिमची वर्षाची फी. तीन आठवड्यांत सगळं गळून पडतं आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण उपयोग होण्यासाठी एवढं लागतच नाही. अमेरिकेत 3,234 लोकांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोनच उद्दिष्टं दिली होती: वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं झपाझप चालण्याएवढा व्यायाम करायचा. सुमारे तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने 31 टक्क्यांनी. 80 किलोच्या माणसासाठी 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो.

मिठाचीही एक चूक. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक छोटा चमचा. वरून घेतलेलं मीठ दिसतं, पाकिटबंद पदार्थांतलं दिसत नाही, म्हणून पाकिटावर सोडियमचा आकडा वाचा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय ते वापरू नका.

आणि पथ्य एकट्या रुग्णाच्या गळ्यात घालू नका. त्याचं ताट वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं, अशा घरात पथ्य टिकत नाही. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात हृदयविकाराने तरणे पुरुष जात होते. 1972 मध्ये तिथे काम सुरू झालं ते अख्ख्या समाजाला धरून. गृहिणींच्या संघटनेने स्वयंपाकातलं लोणी कमी करायला शिकवलं, खाद्यपदार्थांचे उत्पादकही त्यात उतरले, सिगारेटविरुद्ध मोहीम निघाली. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले.

पावलांकडे न बघणं

डायबेटिसने पायांच्या नसा बधिर होतात, आणि खडा टोचला तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री उजेडात तळपाय बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. बूट घालण्याआधी आत हात फिरवून घ्या. फोड, चीर, रंग बदललेला भाग दिसला तर दुखत नसला तरी दुसऱ्याच दिवशी दाखवा.