उचलली जीभ, लावली टाळ्याला: क्राफ्ट बीअर चाखताना या चुका टाळा

‘बेकार बीअर. बटरचा वास. एक स्टार.’

असला रिव्ह्यू वाचला की मला पडणारे प्रश्न बीअरबद्दलचे नसतात. ग्लास कसा धुतला होता? टॅपवरून घेतली की कॅनमधून? बाटली दुकानात उन्हात उभी होती का? लिहिणाऱ्याने त्याआधी काय काय रिचवलं होतं? यातल्या एकाचंही उत्तर रिव्ह्यूत नसतं. स्टार मात्र ठळक असतात. ब्रुअरने, म्हणजे बीअर बनवणाऱ्याने, आठवडेच्या आठवडे खपून केलेल्या बीअरची माती करायला शेवटची दहा मिनिटंही पुरतात, आणि त्या दहा मिनिटांत ब्रुअर तिथे नसतोच. म्हणून दोष कुणाचा हे आधी शोधा, मग बोटं चालवा. हे सगळं ‘नवख्यांसाठी’ म्हणून सांगायची पद्धत आहे, पण वर्षानुवर्षं चाखणारेही यातलं बरंच काही करताना दिसतात.

फ्रीझरमधला ग्लास

या प्रकाराची मला चीड आहे. ग्लासला बर्फाचा पांढरा थर आला की लोकांना वाटतं, काय थाट आहे! त्या बर्फाचे कण बीअरमध्ये वितळतात, फेस भसकन वर येतो आणि मुख्य म्हणजे वास मरतो. बीअरची निम्म्याहून जास्त ‘चव’ नाकात असते. गार द्रवातून वासाचे रेणू वर येतच नाहीत, मग तुम्ही नेमकं काय चाखताय?

साधारण हिशोब असा: हलक्या लागरला 4 ते 7 अंश सेल्सिअस, पेल एल आणि आयपीएला (इंडिया पेल एल, जास्त कडवट) 7 ते 10, इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइनसारख्या जड, कडक बीअरला 12 ते 14. घरचा फ्रिज 4 अंशांच्या आसपास चालतो, म्हणजे स्टाउट अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीच लागते. थर्मामीटर घेऊन बसा असं मी म्हणत नाही. माझी सवय सोपी आहे. पहिला घोट गार असतानाच घेतो, चार शब्द लिहितो, ग्लासवर बशी झाकतो आणि वीस मिनिटांनी पुन्हा घोट घेऊन आणखी चार शब्द लिहितो. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तर दुसरी खरी धरतो. गारव्यात दडी मारून बसलेले दोष ऊब मिळाली की एकेक करून बाहेर येतात. चांगली स्टाउटसुद्धा तेव्हाच बोलायला लागते.

‘पण मला गारच आवडते.’ मग प्या की गार! रिव्ह्यू कशाला लिहिताय?

ग्लासचा विषय निघालाच आहे तर स्वच्छतेचंही सांगून टाकतो. दिसायला चकचकीत असलेला ग्लास बीअरच्या दृष्टीने घाण असू शकतो. ओतल्यावर नीट बघा: आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेल, साबण नाहीतर कापडाचे तंतू आहेत. तसला फेस दोन मिनिटांत बसतो आणि दोष बीअरच्या माथी जातो. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. आधीच तपासायचं असेल तर ग्लास पाण्यात बुडवून उपडा करा. पाण्याचा पातळ सलग पडदा राहिला तर ठीक, थेंब थेंब फुटले तर पुन्हा धुवा. माझ्याकडे बीअरच्या ग्लासांचा स्पंज वेगळा असतो. तो तेलकट भांड्यांना लागला की मी घरात भांडतो. धुतल्यावर ग्लास जाळीवर उपडा वाळू द्यायचा, फडक्याने पुसायचा नाही. लिपस्टिकही फेसाची वैरी, हे जाता जाता.

बटरचा वास आला की ब्रुअरला शिव्या

आता माझा लाडका विषय. हा वास डायसेटिलचा. आंबवण्याच्या वेळी यीस्टच त्याची सोय करतं: त्याने बाहेर टाकलेल्या एका संयुगातून डायसेटिल बनतं आणि पुरेसा वेळ (याला ‘डायसेटिल रेस्ट’ म्हणतात) दिला तर यीस्टच ते परत शोषून घेतं. ब्रुअरने घाईघाईत बीअर गार करून यीस्ट काढून टाकलं तर डायसेटिल मागे राहतं. इथपर्यंतची माहिती हल्ली सगळ्यांना असते आणि तिथेच गाडी अडते. कारण डायसेटिल बनवणारे आणखी कलाकार आहेत. टॅपची लाइन, म्हणजे पिंपापासून टॅपपर्यंतची नळी, वेळेवर साफ केली नाही तर तिच्यात पेडिओकॉकस आणि लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू बस्तान मांडतात. तेही बटरचा वास देतात, आणि वर आंबटपणाही आणतात. बीअर ब्रुअरीतून निघताना निर्दोष असते, बिघडते ती शेवटच्या काही फुटांत.

एकदा आमचा चाखणाऱ्यांचा गट एका टॅपरूममध्ये बसला होता. वेगवेगळ्या ब्रुअरींच्या बीअर एकाच काउंटरवर होत्या. गटात एक नवा मुलगा होता, हुशार, वाचन दांडगं. पेल एलचे दोन घोट घेतले आणि फोन बाहेर काढला. मी डोकावलो तर अर्धा परिच्छेद तयार: ‘ब्रुअरने डायसेटिल रेस्ट दिलेला दिसत नाही, विक्रीची घाई, नफेखोर वृत्ती’ वगैरे. वास खरोखर होता, त्याचं नाक चुकलं नव्हतं. पण बटरच्या मागे बारीकशी आंबट कडही होती, आणि ती त्याने नोंदवलीच नव्हती.

मी म्हटलं, “थांब जरा. शेजारच्या टॅपची लागर थोडी माग.”

“दादा, ती वेगळ्या ब्रुअरीची आहे.”

“म्हणूनच माग.”

लागर आली. तोच बटर, तीच आंबट कड. दोन ब्रुअरी, दोन वेगळी यीस्ट, एकच काउंटर. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, लाइन शेवटची कधी साफ केली? त्याने सहकाऱ्याकडे बघितलं, सहकाऱ्याने छताकडे. मग त्यांच्याच फ्रिजमधून त्याच पेल एलचा कॅन घेतला आणि दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. कॅनमधल्या बीअरला लिंबाच्या सालीचा वास, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) हलका गोडवा आणि शेवटी स्वच्छ कडवटपणा. बटरचा मागमूस नाही.

“पण रिव्ह्यू तर गेला,” मुलगा म्हणाला.

काढून टाक म्हटलं तर म्हणे, वास होताच ना! वास होता रे बाबा, पण बिल कुणाच्या नावावर फाडलंस? कितीतरी दिवस तो रिव्ह्यू तसाच होता आणि खाली लोक ‘सहमत’ लिहीत होते. त्यातल्या किती जणांनी ती बीअर प्यायली होती, देव जाणे.

टॅपच्या लाइनची रासायनिक सफाई दर 14 दिवसांनी व्हावी असा या धंद्यातला दंडक आहे. कितीजण पाळतात हे तुम्ही तोंड बघून ओळखू शकत नाही, म्हणून माझी पद्धत अशी: टॅपवर काही विचित्र लागलं की दुसऱ्या ब्रुअरीची, दुसऱ्या प्रकारची बीअर थोडीशी मागायची. दोष दोन्हीत असेल तर तो लाइनचा. एकीतच असेल तर त्याच बीअरचा कॅन किंवा बाटली मिळवायची. तिथेही तोच दोष असेल तर लिहा, बेलाशक लिहा, मी स्वतः सहमत लिहीन. कॅन मिळाला नाही तर ‘टॅपवर घेतली, लाइनबद्दल शंका आहे’ एवढं तरी टाका. त्याला अर्धं मिनिट लागतं. पण उतावळ्या मंडळींना अर्धं मिनिटही जड जातं.

ऊन आणि वय

हॉप्समधल्या (बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या) कडवट संयुगांवर प्रकाश पडला की 3-एमबीटी नावाचा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो आणि बीअरला स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास मारतो. आपल्यापैकी बहुतेकांनी स्कंक पाहिलेला नाही, तेव्हा जळक्या रबराच्या जवळपास जाणारा उग्र दर्प समजा. पारदर्शक बाटली थेट उन्हात असेल तर काही मिनिटंही पुरे होतात. हिरवी काच जवळपास तितकीच कुचकामी, तपकिरी बरीच बरी, कॅन सगळ्यात उत्तम. तरीही ‘कॅनमधली बीअर हलक्या दर्जाची’ म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

वयाचंही तेच. आयपीएचा हॉप्सचा वास सर्वात आधी उडतो, आणि हवा लागलेली बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. गढूळ पिवळी न्यू इंग्लंड आयपीए करडी-तपकिरी दिसू लागली तर समजा, तिचे दिवस भरले. भरल्याची तारीख बघितल्याशिवाय मी आयपीएबद्दल तोंड उघडत नाही. उबदार गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या आयपीएचा रिव्ह्यू हा गोदामाचा रिव्ह्यू असतो.

‘मला आवडली नाही’ म्हणजे ‘बिघडली’ नव्हे

बेल्जियमची लॅम्बिक आंबटच असते. तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं आणि तिला तबेल्याची आठवण करून देणारा वास येऊ शकतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून ग्यूझ बनते. ती पिऊन ‘खराब झालीय’ लिहिणं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं. जर्मनीतल्या बामबर्गच्या राउखबीअरला धुराचा वास येतो, कारण माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं. गोझ या आंबट जर्मन बीअरमध्ये मीठ आणि धणे असतात. हेफेवायझन या गव्हाच्या बीअरमध्ये केळं आणि लवंग जाणवते ती यीस्टमुळे, कुणी केळं कुस्करून घातलेलं नसतं. चेक लागरमध्ये तर थोडासा डायसेटिल चालवूनही घेतात. म्हणजे वरच्या प्रकरणालाही अपवाद आला.

1985 पासून चालत आलेल्या बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची गुणपत्रिका 50 गुणांची आहे: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. रूपाला फक्त 3! आणि आपले रिव्ह्यू उघडून बघा, निम्मा मजकूर सोनेरी रंग आणि मलईदार फेसावर, वर फोटोला फिल्टर. मी गुण वगैरे देत नाही, दोन ओळी लिहितो: एक, ही तिच्या प्रकाराला धरून आहे का. दोन, मला आवडली का. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात आणि पुष्कळदा असतात.

याची उलटी बाजूही आहे. सरळसाध्या स्टाउटमध्ये आंबटपणा आला, बाटली उघडताच फेसाचं कारंजं उडालं, तर त्याला ‘फंकी’ म्हणून गौरवू नका. तो जंतुसंसर्ग आहे.

बाकीचं पटापट

चाखायचा क्रम: हलकीकडून जड, कमी कडवटकडून जास्त कडवट, धुरकट आणि आंबट शेवटी. डबल आयपीएने सुरुवात केली तर नंतरच्या हलक्या पिल्सनरवर अन्याय ठरलेला.

एका वेळी 60 ते 90 मिलिलिटर पुरे, आणि मध्ये पाणी. चौथ्या-पाचव्या बीअरनंतर लोक भलतेच उदार होतात आणि स्टार वाढत जातात, तेव्हा त्यानंतरच्या नोंदी मी वाचतच नाही. अत्तर लावून येऊ नका. शेजारच्याचंही नाक असतं.

काळी म्हणजे जड नव्हे. ड्राय स्टाउट बहुधा 4 ते 5 टक्क्यांची असते आणि फिकट सोनेरी बेल्जियन स्ट्राँग एल 8 टक्क्यांच्या पुढे जाते. आयबीयूचा (कडवटपणा मोजायच्या एककाचा) आकडा बघून कडवटपणा ठरवू नका. माल्टचा गोडवा तो आकडा झाकून टाकतो.

वाइनसारखी चूळ भरून थुंकू नका. घोट गिळून नाकाने श्वास सोडलात की मागच्या वाटेने वास नाकात येतो, त्यात निम्मी गंमत आहे. कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळतं हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे, सगळ्या जिभेला कळतं.

‘स्मूथ’, ‘मस्त’, ‘बॅलन्स्ड’ हे शब्द महिनाभर बंद करा. लिंबाची साल, पावाची करपलेली कड, गार झालेली कॉफी, असं काहीतरी लिहा. आणि बाटलीमागची वर्णनं चाखून झाल्यावर वाचा. लेबलवर आंबा छापला की टेबलावरच्या सगळ्यांना आंबा लागतो. प्रकाराचं नाव तेवढं आधी बघा.

नावाजलेल्या ब्रुअरीला आपोआप साडेचार स्टार देणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. मित्राला पाठमोरं बसून तीन ग्लास भरायला सांगा, दोनमध्ये एक बीअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कुठला ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून चार-पाच फेऱ्या करा. आपल्या ‘आवडत्या’ आयपीएला डोळे मिटून ओळखता न आलेले बरेच शूरवीर मी पाहिलेत. त्यानंतर त्यांचे रिव्ह्यू आखूड झाले, ही चांगली गोष्ट आहे.

एवढं वाचूनही उन्हाच्या वासाबद्दल शंका असेल तर पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतल्या एकाच बीअरच्या दोन बाटल्या, एकाच तारखेच्या, घ्या. एक दुपारभर उन्हात ठेवा, दुसरी अंधारात. मग दोन्ही सारख्याच गार करून शेजारी शेजारी ओता. उन्हातली हुंगा, अंधारातली प्या, आणि लिहायचंच असेल तर दुसरीबद्दल लिहा.